मानाची गाडी

"गाडी वर पोचली की म्हणायचं, 'मानाची गाडी आली, चालक बाळासाहेब रणनवरे.' त्यापुढं एक अक्षर जादा नको," दिवाणजी म्हणाले.

मी खुर्चीवर चढून व्हरांड्याच्या खांबाला कर्णा बांधत होतो. तोंडात सुतळी होती, म्हणून नुसती मान हलवली. पण गृहस्थाचं तेवढ्यानं समाधान होईना.

"म्हणून दाखवा बघू."

मी सुतळी तोंडातून काढली. "दिवाणजी, कोल्हापूर म्हणा, मिरज म्हणा, खाली निपाणीपर्यंत कुठलंही मैदान विचारा. बळवंत खेबुड्यानं आजवर एका पैलवानाचं नाव चुकवलेलं नाही. चुकवलं तर लोक आम्हांला माईकसकट उचलून आपटतात."

"ते कुस्तीचं झालं. इथं घराण्याचा मान आहे. सरकारांची छाती नाजूक झालीय. नको तो शब्द कानावर गेला तर निस्तरायचं कुणी?"

आता नाव पुकारण्यात नको तो शब्द कुठला येणार, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. पण सकाळची वेळ, अंगावर चार कर्ण्यांची जोडणी, आणि मला चहासुद्धा मिळालेला नव्हता. मी पाठ झालेलं वाक्य म्हणून दाखवलं आणि त्यांना वाटेला लावलं.

ही गोष्ट उंबरखोलच्या जहागिरीतली. जहागीर तेव्हा नावापुरतीच उरली होती. बाळासाहेब आता नाहीत, दिवाणजी तर कधीच गेले, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

उंबरखोलच्या डोंगरावर रणनवऱ्यांचा बंगला होता. खालच्या फाटकापासून बंगल्यापर्यंत त्यांचा स्वतःचा रस्ता, सगळा वळणांचा. आताचे सरकार म्हणजे आबासाहेब रणनवरे, बाळासाहेबांचे वडील. आबासाहेबांच्या वडलांनी मोटार आणली तेव्हा ती चढेना. बैल जुंपून वर ओढायला लागली आणि एक गोरा साहेब पाहुणा आला होता तो पोट धरून हसला. त्या हसण्याचा राग म्हणून थोरल्या सरकारांनी डोंगर पुन्हा फोडला, वळणं रुंद केली आणि पुढल्या वर्षी मुलखातल्या सगळ्या मोटारवाल्यांना आवतण धाडलं, की या आणि चढून दाखवा. तेव्हापासून दरसाल मार्गशीर्षात ही 'चढण' होत आली. लढाईत पेट्रोल मिळेना तेवढीच वर्षं बंद होती. एकेक गाडी खालून सुटायची, वर घड्याळ लावून माणूस बसायचा, ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. पुण्याचे पारशी शेठ यायचे, बेळगावचे इस्टेटवाले यायचे, मिरजेचे एक डॉक्टर तर दरसाल यायचे आणि दरसाल गाडीचं काहीतरी मोडून घ्यायचे.

एक रीत मात्र थोरल्या सरकारांनी घालून दिलेली. पहिली गाडी घरची. तिला हळदकुंकू व्हायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ती घरच्याच माणसानं चालवायची. ती वर पोचली, तुतारी वाजली, की मग बाकीच्यांना वाट मोकळी. सगळ्यांचं झालं की दुपारी शेवटची फेरीही तिचीच. घरची गाडी नाही चढली तर त्या साली चढण नाही. ही मानाची गाडी. पोपटी रंगाची, दोन माणसं बसतील एवढीच. गाव तिला पोपट म्हणायचं.

आणि ते वर्ष शेवटचं होतं. बंगला शाळेला द्यायचा ठरला होता, रस्ता सरकारजमा होणार होता. शेवटची चढण दणक्यात व्हावी म्हणून कुणाच्या तरी डोक्यात माईक आला, आणि माईक म्हणून मी आलो. मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण चार माणसं बघायला जमली की मला बोलता येतं.

दिवाणजी गेल्यावर मी बॅटरी आणायला बंगल्यामागं पागेकडं गेलो. घोडे केव्हाच गेले होते, पागेत सामान ठेवायचे. तिथं दारात एक उमदा तरुण बसला होता. अंगात चामड्याचं जाकीट, पायांत बूट, आणि पेट्रोलचा छोटा डबा घेऊन दोन्ही हातांना पेट्रोल चोळत होता. मेंदी लावावी तसं, बोटांच्या बेचक्यांत वगैरे.

मी ओळखलं. "बाळासाहेब ना? मी बळवंत, माईकवाला. तुमचं नाव आज असं घेतो की खालच्या वाडीतल्या म्हशी माना वर करतील."

ते हात चोळतच राहिले. मी म्हटलं, "आता खाली निघायला पाहिजे ना? गाडी सुटायची वेळ होत आली."

"मी जात नाही खाली," ते म्हणाले.

"मग गाडी?"

"मला गाडी लागते."

"लागणारच की. गाडीशिवाय चढणार कसं?"

"तसं नव्हे हो. लागते म्हणजे लागते. ओकारी होते. दुसऱ्या वळणापर्यंत कसाबसा तग धरतो. घोडा चालतो मला, बैलगाडी चालते. मोटार वळली की संपलं."

मला हसू आलं. आवरायला गेलो तर जास्तच आलं. मोटारीसाठी डोंगर फोडणाऱ्याचा नातू, आणि त्याला गाडी लागते!

"हसा, हसा," ते म्हणाले, आणि स्वतःही हसले. माणूस फार गोड होता. "मलाही कधीकधी हसू येतं. आबांना येणार नाही."

"मग चालवतं कोण?"

"मी," मागून आवाज आला.

पागेच्या अंधारातून एक बाई पुढं आली. तसलंच चामड्याचं जाकीट, भावाच्या मापाची विजार कमरेला पट्ट्यानं आवळलेली, हातात कानांवरून येणारी टोपी आणि गॉगल. कुमुदिनी, आबासाहेबांची थोरली लेक. गावात त्यांना आक्कासाहेब म्हणायचे. त्यांनी मला नीट, हळूहळू सांगितलं. मी मध्ये एकदाही बोललो नाही, आणि ते माझ्या स्वभावात नाही.

आबासाहेबांचे डोळे काचबिंदूनं गेले त्या साली मानाची गाडी चालवायचं काम बाळासाहेबांवर आलं. घरचं माणूस म्हणजे घरचा पुरुष, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण दुसरं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चढणीच्या सकाळी बाळासाहेब बसले, शेजारी धीर द्यायला आक्कासाहेब. दुसऱ्या वळणाला बाळासाहेब गाडी थांबवून नालीत वाकले ते उठेनात. वर पाहुणे, तुतारीवाला, आंधळे वडील. गाडी नाही पोचली तर चढण नाही. आक्कासाहेबांनी भावाची टोपी घातली आणि गाडी वर नेली. वडलांची गाडी त्या लहानपणापासून आवारात चालवत होत्याच. वर पोचल्या तर आबासाहेब खुर्चीतून उठून उभे. म्हणाले, "शाबास, बाळासाहेब!"

"आता सांगा, तिथं कुणी काय बोलायचं?" आक्कासाहेब म्हणाल्या. "दिवाणजींनी मला हाताला धरून पागेमागं नेलं. बाळ पायवाटेनं वर आला, टोपी घालून आबांसमोर उभा राहिला. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. आता सवय झालीय. मी वर येते, पागेमागं वळते, टोपी याला देते, आणि हा शाबासकी घ्यायला जातो. पेट्रोलचा वास हवा म्हणून हातांना चोळून."

"आणि गाव?"

"गावाला सगळं ठाऊक आहे. पण उंबरखोल आहे ते. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलीय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एवढ्या वर्षांत त्या डोंगरावर खोटं असं कुणी बोललंच नव्हतं. आबासाहेब एकदा बोलले, बाकीचे गप्प राहिले. नाव पुकारायची वेळच आली नव्हती, तुतारी वाजली की काम भागायचं. आता माईक आला, आणि पहिलं खोटं बोलायचं ते मी. म्हणून दिवाणजी माझ्याकडून पाठ करून घेत होते.

"बळवंतराव, माझं एक काम करा," आक्कासाहेब म्हणाल्या. "आज माझं नाव घ्या."

मी बाळासाहेबांकडं बघितलं.

"माझं लग्न ठरलंय. माघात. मुलगा मला पसंत आहे, उगीच गळा काढत नाही मी. पण तिकडं गाडीला पडदे आणि पुढं ड्रायव्हर. आणि चढण तर आजच्यानं संपली. एवढी वर्षं चालवली, कुणी एकदा म्हणालं नाही की ही कुमुदनं चालवली. एकदा या डोंगरावर माझं नाव घेतलं जावं. बक्षीस नको, हार नको. एकदा नाव."

"मी काही म्हणत नाही," बाळासाहेब म्हणाले. "माझं काय जायचंय?"

पण त्यांचं काय जाणार होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, "बघतो." आक्कासाहेबांनी पोपट सुरू केला आणि खाली गेल्या.

वर माझी जागा व्हरांड्याच्या पायरीपाशी. मागं वेताच्या खुर्चीत आबासाहेब, पांढरी तुमान, काळा कोट, डोळे उघडे पण कुठंच नसलेले. वरून रस्ता दिसत नव्हता, झाडीत बुडालेला. खालच्या फाटकावरून टेलिफोन आला, गाडी सुटली म्हणून. मग सगळे गप्प झाले आणि आवाज यायला लागला. आबासाहेबांची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. आवाज वर चढायचा, वळणाला दबायचा, पुन्हा उसळायचा. मला मोटारीतलं कळत नाही म्हटलं ना, पण कुणीतरी जीव ओतून काहीतरी करतंय एवढं मलाही कळत होतं.

पोपट शेवटच्या वळणातून सुसाट आला आणि रेघ ओलांडून गेला. दिवाणजी माझ्या खांद्याशी उभे. मी माईक तोंडाशी धरला.

"मानाची गाडी आली होऽऽ! उंबरखोलची मानाची गाडी आलीऽ! वाजवा तुतारी!"

आणि थांबलो. नाव घेतलंच नाही. हे नाही आणि तेही नाही. तुतारी वाजली, लोकांनी टाळ्या पिटल्या. दिवाणजींनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर तिथंच वाळून गेला असता.

थोड्या वेळानं बाळासाहेब टोपी घालून आले. आबासाहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, नाकापाशी नेले.

"शाबास. तिसऱ्या वळणाला गिअर जरा आधी टाकलात आज."

"होय, आबा."

"मुद्दाम?"

"होय, आबा."

"उत्तम केलंत," म्हणून म्हाताऱ्यानं पाठीवर थाप मारली. बाळासाहेबांची मान खालीच होती.

मग दुपारपर्यंत बाकीच्यांचं चाललं. मी ते मैदान मारलं, खोटं कशाला बोलू. पुण्याच्या शेठजींना 'पुणे तालमीचा वस्ताद' केलं, बेळगाववाल्यांना 'सीमेवरचा ढाण्या वाघ'. मिरजेचे डॉक्टर वळणावरून करवंदीत गेले तेव्हा 'डॉक्टर खाली गेले, पण पाठ लागलेली नाही' असं पुकारलं आणि सगळा डोंगर हसला. पण सकाळच्या पोपटाचा वेळ कुणाला गाठता आला नाही.

जेवणाच्या वेळी निरोप आला, सरकारांनी आत बोलावलंय. आता खरडपट्टी निघणार, असं म्हणत मी गेलो. आबासाहेब एकटेच होते.

"माईकवाले, बसा. डॉक्टरांचं नाव घेतलंत, शेठचं घेतलंत. आमच्या गाडीचं नाव का नाही घेतलं?"

मी म्हटलं, "सरकार, आमच्या मैदानात रिवाज आहे. पैलवान कोण याची खात्री नसली तर नाव घेत नाहीत."

ते म्हणाले, "तुम्हांला खात्री नाही? आम्हांला आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"डोळे गेलेत, कान नाही गेले. बाळासाहेब लहानपणी माझ्याशेजारी बसायचे. गावाबाहेर पडलो की माझ्या मांडीवर ओकायचे. तो मुलगा ही गाडी अशी वर आणेल? पहिल्या सालीच ओळखलं मी. वळणाच्या पोटात शिरून गाडी सोडायची ती पद्धत माझी आहे. मी ती एकाच पोराला शिकवली, आवारात, गंमत म्हणून. कुमुदला."

दारात भांडं वाजलं. आक्कासाहेब ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या. लुगडं नेसलेल्या, केस बांधलेले, पण कपाळावर गॉगलचा वळ अजून तसाच होता.

"तुम्हांला ठाऊक होतं?" त्या म्हणाल्या.

आबासाहेबांनी मान आवाजाकडं वळवली.

"आबा, पहिल्या सालापासून ठाऊक होतं?"

"होय."

मी उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "बसा तुम्ही. कुणीतरी ऐकायला पाहिजे." पेला त्यांनी खाली ठेवला. "मी वर यायची आणि पागेमागं उभी राहायची. भिंतीला कान लावून. तुम्ही बाळला शाबास म्हणायचात, ते ऐकायला. म्हणायची, चला, कुणालातरी म्हणाले. आबांना माहीत नाही, माहीत असतं तर मला म्हणाले असते. आणि तुम्हांला माहीत होतं! मग चढण संपल्यावर, घरात, दार लावून, एकदा तरी म्हणायचं होतं ना, पोरी, छान चालवलीस म्हणून! कुणाला कळलं असतं?"

"मी म्हटलं असतं तर मला ठाऊक आहे हे झालं असतं," आबासाहेब म्हणाले. "आणि ठाऊक झाल्यावर ती गाडी तुला कुणी चालवू दिली नसती. मीसुद्धा दिली नसती."

हे बरीक म्हातारा खरं बोलला. आक्कासाहेबांनाही ते पटलं असावं, कारण त्या एकदम शांत झाल्या. राग होताच, पण आवाज खाली आला.

"बरं. मग आता दुपारची फेरी आहे. शेवटची. आता कुणी अडवणार नाही, उद्यापासून अडवायला चढणच नाही. तुम्ही माझं नाव घ्या. यांनी नको. तुम्ही, स्वतः, माईकवर."

आबासाहेबांची बोटं पुन्हा खुर्चीच्या हातावर हलायला लागली.

"घ्याल?"

"घेईन," ते म्हणाले.

"शब्द?"

"रणनवऱ्यांचा शब्द."

त्या वाकून पाया पडल्या आणि धावतच गेल्या. ताक तसंच राहिलं. मी उठलो. बाहेर दिवाणजी वाटच बघत होते. मी त्यांना सांगितलं, की दुपारी सरकार स्वतः बोलणार. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "झाकली मूठ होती हो. आता सगळ्या डोंगरासमोर उघडणार. आक्कासाहेबांचं नाव घ्यायचं म्हणजे बाळासाहेबांचं काढून घ्यायचं. पोराच्या इभ्रतीचं काय?"

खरं सांगतो, हा विचार मला तोवर शिवला नव्हता.

दुपारची फेरी. मी माईक आबासाहेबांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवला, उंची त्यांच्या तोंडाला लावून दिली. बाळासाहेब या वेळी पागेमागं गेले नाहीत. हात स्वच्छ धुऊन वडलांच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. टेलिफोन वाजला. गाडी सुटली.

तो आवाज सकाळच्याहून निराळा होता. कुठं दबलाच नाही म्हणा ना. पाहुणे मंडळी एकमेकांची मनगटं धरून उठून उभी राहिली. शेवटून दुसरं वळण गेलं तेव्हा मी वाकून म्हटलं, "सरकार, आता."

आबासाहेबांनी घसा खाकरला. चारही कर्ण्यांतून ते खाकरणं डोंगरभर गेलं.

"मानाची गाडी येत आहे," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "चालक..."

आणि थांबले. हात शेजारी चाचपडला आणि बाळासाहेबांच्या बाहीला लागला. बाही घट्ट धरली. "चालक..." पुन्हा म्हणाले. ओठ हलत होते, कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, घ्या हो, घ्या, शब्द दिलाय पोरीला. त्यांनी तोंड माईकपासून बाजूला केलं आणि हळू मला म्हणाले, "नाही जमत मला. पोरगा शेजारी उभा आहे हो माझ्या."

खाली गाडी शेवटच्या वळणात शिरली होती.

बाळासाहेबांनी वडलांची मूठ आपल्या बाहीवरनं सोडवली आणि माईक दांडीवरनं काढून घेतला. त्यांना माईकची सवय नव्हती, तोंडाला अगदी चिकटवून धरला.

"मी बाळासाहेब रणनवरे," ते म्हणाले. "मला गाडी लागते. मला ओकाऱ्या होतात. मी ही गाडी एकदाही वर आणलेली नाही. माझी बहीण आणते. आत्ताही तीच आणतेय. तिचं नाव कुमुदिनी. कुमुदिनी आबासाहेब रणनवरे."

माईक त्यांनी माझ्या हातात परत दिला. पाहुण्यांत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी इतक्या मैदानांत बोललोय, मोठमोठ्या पैलवानांना उचलून आपटलेलं बघितलंय. पण पाठ टेकून उठलेला एवढा ताठ माणूस मी पाहिलेला नाही.

पोपट रेघ ओलांडून आला. तुतारीवाला वाजवायचंच विसरला. आक्कासाहेब या वेळी पागेमागं वळल्या नाहीत. अंगणात मधोमध गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, टोपी काढली, गॉगल काढला, आणि केसांचा शेपटा पाठीवर पडला. सगळा डोंगर त्यांच्याकडं बघत होता. त्या सरळ व्हरांड्याकडं चालत आल्या. तोंडावर धूळ होती आणि त्या हसत होत्या.

"मला काही ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "एवढा आवाज असतो ना आत, वर कानांवर टोपी. आबा, सगळे असे का बघताहेत? घेतलंत तुम्ही? घेतलंत माझं नाव?"

आबासाहेब आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसले होते. मला वाटलं, आता सांगतील. सांगण्यासारखं होतं. मुलानं केलं ते काही लपवण्यासारखं नव्हतं.

"घेतलं, बाई," ते म्हणाले. "घेतलं."

त्या तिथंच गुडघ्यांवर बसल्या आणि वडलांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागल्या. म्हाताऱ्यानं त्यांच्या धुळीच्या केसांवर हात ठेवला. म्हणाला, "छान चालवलीस, पोरी. फार छान चालवलीस." तोही रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. नाव घेणाऱ्याचं नाव चुकीचं लागलं होतं आणि ते मला दिसत होतं. मी तोंड उघडलं. बाळासाहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. मी बटण बंद केलं.

शे-दीडशे माणसांनी बाळासाहेबांचं बोलणं ऐकलं होतं. पाहुणे संध्याकाळी आपापल्या गावी गेले. राहिलं गाव, आणि उंबरखोलात सरकार म्हणतील तेच झालेलं असतं. माघात लग्न होऊन आक्कासाहेब सासरी गेल्या, तोवर आणि त्यानंतरही त्यांना कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढं मला भेटल्या की त्या हीच गोष्ट सांगायच्या, आबांनी माझं नाव कसं घेतलं त्याची, आणि मी ऐकून घ्यायचो.

पण तेव्हा, तिथं, त्या डोळे पुसून उठल्या आणि भावाकडं वळल्या. आता सगळ्यांना ठाऊक झालंय, याचा त्याला त्रास झाला असेल, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी त्याच्या गालावर हलकेच चापट मारली.

"रागावू नकोस रे. कधीतरी व्हायचंच होतं. पण बघितलंस ना आबांची छाती? सगळ्यांच्या देखत! तुला जन्मात जमलं नसतं."

"नसतंच जमलं, आक्का," बाळासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या हातातली टोपी घेऊन ते पागेकडं गेले.